निचऱ्याचा बोल्ट फिरेनासा झाला असता

धान्याचा व्यापार आता वाहनावाचून चालत नाही. बेळगावाहून चोर्ला घाट उतरून गोव्यात माल पोचविणाऱ्या गाड्यांना पावसाळी चिखल व समुद्रकाठची खारी हवा सोसावी लागते. इंजिनाच्या तेलपात्राखालील निचऱ्याच्या बोल्टास त्यामुळे गंज चढतो. पुष्कळदा तर मागच्या वेळचे अति आवळणेच नडते. अशा वेळी घाईने पाना मारला की माथ्याचे सहा कोन झिजून तो गोल होतो. मग अर्ध्या तासाच्या कामासाठी गाडी दोन दिवस उभी, माल दारात, आणि भाडोत्री गाडीचा खर्च अंगावर! म्हणून या कामाचा क्रम मालकानेही जाणून घेणे इष्ट आहे.

प्रथम गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम घोड्यांवर टेकवावी व तेल हातास सोसेल इतके निवू द्यावे. नंतर दिशा निश्चित करावी. माथ्याकडे तोंड करून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरविल्याने बोल्ट सुटतो. वरून हात घालणाऱ्यास हीच दिशा उलटी भासते व बोल्ट अधिकच आवळला जातो.

तारेच्या ब्रशाने माथा घासावा, गंज सोडविणारे तेल लावावे आणि शक्य तर रात्रभर थांबावे. पात्र लोखंडी असल्यास माथ्यावर हातोडीचे बेताचे चार ठोके द्यावेत. ऍल्युमिनियमचे असल्यास ते तडकण्याचा संभव असतो, म्हणून ठोके टाळावेत. पाना बरोबर मापाचा व सहा कोनीच घ्यावा. बारा कोनी पाना कोपऱ्यांपाशी धरतो, सहा कोनी पाना सपाट बाजूंवर धरतो.

माथा गोल झालाच, तर कानशीने समोरासमोरच्या बाजू घासून लहान मापाचा पाना घट्ट बसवावा. १७ मिलिमीटरचा माथा १६ चा करता येतो. तेही न साधल्यास आवळून अडकणाऱ्या पकडीने धरून फिरवावे. इतर ठिकाणी झिजलेल्या माथ्यावर नवा नट वेल्ड करितात. परंतु तेलाने भरलेल्या पात्रापाशी ज्योत वा वेल्डिंग सर्वथा वर्ज्य समजावे. भोक पाडून उलट्या आट्यांचे हत्यार घालणे हा अगदी अखेरचा उपाय होय. ते पोलाद इतके कठीण असते की आत मोडल्यास साधा ड्रिल त्यावर चालत नाही. शिवाय धातूचा कीस इंजिनात जाण्याचे भय असते.

माल तातडीने पोचवायचा असेल, तर आणखी एक मार्ग आहे. अनेक गाड्यांत तेल मोजण्याच्या काडीच्या नळीतून पंपाने जुने तेल वरच्या वर ओढून काढता येते. तसे करून गाडी मार्गी लावावी आणि बोल्टाचे काम सवडीने हाती घ्यावे. प्रसंगी संपूर्ण तेलपात्र उतरवून बदलणे, हेही इंजिनास इजा करण्यापेक्षा स्वस्त पडते.

बोल्ट निघाल्यावर जुना पुन्हा बसवू नये. नवा बोल्ट, नवा वॉशर, आणि उत्पादकाने सांगितलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळणे, एवढे तिन्ही सांभाळले तर पुढल्या वेळी हा खटाटोप करावा लागत नाही. पान्यास नळकांडे जोडून बळ वाढविण्याआधी एक रात्र थांबण्याची तयारी ठेवावी. त्या एका रात्रीने पुष्कळ नुकसान टळते.