दोषसूचनांचा मार्ग : पडदा आणि नोंदवही

संगणकाला दिलेली आज्ञा पार पडली नाही, तर ते कोणाला आणि कोठे कळवावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु युनिक्स या प्रणालीच्या इतिहासात त्याचे समाधानकारक उत्तर सापडण्यास काही वर्षे जावी लागली, आणि ते संपूर्णपणे सापडले आहे असे आजही म्हणवत नाही.

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत, न्यू जर्सी राज्यातील मरे हिल येथे झाला. त्या काळी आज्ञा दूरमुद्रकावर टंकलिखित करावयाची आणि उत्तरही त्याच कागदावर उमटावयाचे, अशी पद्धत होती. प्रत्येक आज्ञावलीला दोन वाटा दिलेल्या असत : एक आदानाची, दुसरी प्रदानाची. काही बिघडल्यास त्याची सूचनाही प्रदानाच्याच वाटेने बाहेर पडे. कागदासमोर माणूस बसलेला आहे तोवर यात फारसे वावगे नव्हते. प्रदान फाइलकडे वळविले असता मात्र सूचनाही त्या फाइलमध्ये जाऊन दडे. पुढे १९७३ मध्ये एका आज्ञावलीचे प्रदान थेट दुसरीच्या आदानाला जोडण्याची सोय झाली आणि ही अडचण असह्य होऊ लागली. शब्द मोजणारी आज्ञावली आधीच्या आज्ञावलीची तक्रारही मजकूर समजून त्यातील शब्द मोजून टाकी! माणसाला काही कळतच नसे.

या संदर्भात प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी सांगितलेली एक हकिकत मनोरंजक आहे. तेथे प्रकाशाच्या साहाय्याने अक्षरजुळणी करणारे यंत्र आले होते. त्यातून निघालेली कागदाची लांब पट्टी उग्र वासाच्या दुसऱ्या एका यंत्रात घालून धुवावी लागे आणि काही मिनिटांनी अक्षरे दिसू लागत. एके दिवशी दुपारी अनेकांना एकच अनुभव आला. एवढा खटाटोप करून हाती आलेल्या कागदावर अतिशय सुबक टंकात एकच ओळ होती : अमुक फाइल उघडता येत नाही. कुरकूर योग्य त्या कानांपर्यंत पोहोचली आणि थोड्याच दिवसांत दोषसूचनांसाठी स्वतंत्र वाट निर्माण झाली. हे काम डेनिस रिची यांनी १९७५ च्या सहाव्या आवृत्तीनंतर केले. आदानाचा क्रमांक शून्य, प्रदानाचा एक आणि या नव्या वाटेचा दोन. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील बॉर्न शेलमध्ये बाणाच्या चिन्हापूर्वी दोनचा आकडा लिहिला, की केवळ दोषसूचना हव्या त्या फाइलकडे वळविता येत; आजही तीच रीत चालू आहे.

वाट वेगळी झाली, तरी बोलणारा कोण हे कळेना. चार आज्ञावल्या एका साखळीत चालू असता पडद्यावर नुसते 'फाइल उघडता येत नाही' एवढे उमटले, तर दोष कोणाचा समजावा? यावरून सूचनेचा एक साचा रूढ झाला : प्रथम आज्ञावलीचे नाव, मग विसर्गचिन्ह, मग ज्या वस्तूविषयी तक्रार आहे ती, पुन्हा विसर्गचिन्ह आणि शेवटी कारण. कारणे प्रणालीच्या कोष्टकातून येतात. तेथे २ म्हणजे फाइल अस्तित्वात नाही, १३ म्हणजे परवानगी नाकारली. २५ व्या क्रमांकाचा अर्थ जुन्या कोष्टकात 'हे टंकलेखनयंत्र नव्हे' असा दिलेला होता. क्रमांकाची नोंद यशानंतर पुसली जात नसल्यामुळे मागील एखाद्या निरुपद्रवी तपासणीचा हा २५ शिल्लक राही, आणि मग वेगळ्याच कारणाने टपाल परत आले असतानाही प्रेषकाला टंकलेखनयंत्राविषयीचा तो अनाकलनीय खुलासा वाचावा लागे.

पडद्यासमोर कोणीच नसेल तेव्हा काय? रात्री आपोआप चालणाऱ्या कामांची तक्रार ऐकणारा कोणी नसतो. तिची नोंदच व्हावी लागते. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात बर्कले येथे 'सेंडमेल' या टपालप्रणालीसाठी 'सिसलॉग' ही नोंदव्यवस्था रचली, ती पुढे इतर अनेक आज्ञावल्यांनी स्वीकारली. तीत गांभीर्याच्या ० ते ७ अशा आठ पायऱ्या आहेत; शून्य म्हणजे प्रणाली निकामी, तीन म्हणजे दोष, सात म्हणजे केवळ तपासणीची माहिती. विभागाच्या क्रमांकाला आठने गुणून त्यात गांभीर्य मिळविले, की नोंदीचा अग्रक्रम येतो. टपालविभागाचा क्रमांक २; म्हणून तेथील दोषाचा अग्रक्रम १९. जुन्या पद्धतीच्या नोंदीत महिना, दिवस आणि वेळ असे, परंतु वर्ष नसे. जुनी नोंदवही उघडणाऱ्याची यामुळे कशी पंचाईत होत असेल, हे सांगावयास नको. २००९ च्या सुधारित मानकात वर्षाला स्थान मिळाले.

आज्ञा टंकित करणाऱ्यासही ही नोंदवही 'लॉगर' या आज्ञेने खुली आहे. तिला 'टी' हा पर्याय देऊन आज्ञावलीचे नाव, 'पी' देऊन विभाग व गांभीर्य सांगता येते; 'एस' जोडल्यास तोच मजकूर दोषसूचनांच्या वाटेने पडद्यावरही येतो. दर्शन आणि नोंद, दोन्ही एकाच आज्ञेत साधतात.

साच्याबाबत मात्र एक सावधगिरी हवी. 'प्रिंटएफ' ही आज्ञा आपला पहिला मजकूर साचा समजून वाचते आणि टक्क्याचे चिन्ह दिसताच तेथे काही भरावयाचे आहे असे मानते. डिस्क शंभर टक्के 'फुल' झाल्याची इंग्रजी सूचना तिला तशीच दिली, तर टक्क्याचे चिन्ह, मोकळी जागा आणि 'एफ' हे अक्षर यांना ती दशांश संख्येची खूण समजते. संख्या न मिळाल्याने तेथे दशांशचिन्हापुढे सहा शून्ये असलेले शून्य छापते आणि 'फुल'चे पहिले अक्षर गिळून टाकते. येथे केवळ हसू येते. सी भाषेत याच चुकीने मोठा अनर्थ ओढवला. २००० साली लिनक्सवरील 'आरपीसी.स्टॅटडी' ही सेवा बाहेरून आलेला मजकूर सिसलॉगच्या साच्याच्या जागी ठेवीत असल्याचे उघडकीस आले. दूरवरचा परका माणूस त्यात सोयीची चिन्हे पेरून संगणकाचा संपूर्ण ताबा घेऊ शकत होता. दोषाची नोंद करणारी ओळच चोरवाट ठरली. यावरील उपाय साधा आहे : साचा आज्ञावली लिहिणाऱ्याने स्वतः ठरवून द्यावा आणि बदलता मजकूर त्यात वेगळा भरावा. लॉगर मजकुरातील टक्क्याच्या चिन्हाचा असा अर्थ लावीत नाही. मात्र ती आज्ञा कोणीही सामान्य वापरकर्ता देऊ शकतो आणि 'टी' पुढे हवे ते नाव लिहू शकतो. तेव्हा नोंदीत दिसणारे नाव हा त्या आज्ञावलीनेच ती नोंद केल्याचा पुरावा धरता येत नाही.