संगणकजालाची देवडी

जुन्या वाड्यात रस्त्यावरून आलेला माणूस प्रथम देवडीत थांबे. तेथे त्याची विचारपूस होई, निरोप आत जाई आणि उत्तर बाहेर येई. पाहुणा माजघरात शिरत नसे. कचेरीतील संगणकांचे रक्षणही याच रीतीने करावयाचे असते.

लोधीखेड्याचा शेतकरी इंटरनेटवरून खसऱ्याची प्रत मागतो, तेव्हा ती मागणी स्वीकारणारा संगणक साऱ्या जगाला उघडा असावा लागतो. म्हणूनच तो मूळ दप्तराच्या संगणकाशेजारी ठेवू नये. त्याच्या पुढे एक व मागे एक अशा दोन फायरवॉल उभ्या करून त्याला मधल्या पट्ट्यात ठेवतात. या पट्ट्यास लष्करी परिभाषेतील ‘निर्लष्करी क्षेत्र’ हे नाव मिळाले आहे. १९५३ पासून दोन्ही कोरियांच्या मध्ये असलेला पट्टा तसाच. आपला ‘देवडी’ हा शब्द अधिक बोलका वाटतो. आतली फायरवॉल केवळ ठरलेल्या स्वरूपाचीच मागणी दप्तरापर्यंत जाऊ देते. त्यामुळे बाहेरचा संगणक कोणी काबीज केला, तरी आतला दरवाजा बंदच राहतो.

ही विभागणी ढिली राहिल्यास काय होते, हे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिसून आले. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली, आणि रुग्णांच्या नोंदी कित्येक दिवस हातांनी लिहाव्या लागल्या. जाळ्याचे विभाग योग्य रीतीने पाडलेले नव्हते, असे कारण शासनाने संसदेत दिले.

तथापि आतल्या संगणकाला कोणी सोयीसाठी आपल्या मोबाइलचे इंटरनेट जोडले, तर दोन्ही फायरवॉल जागच्या जागी असूनही मागील दार उघडे पडते.