साइटवर नेणारी माणसं धरून ठेव

अगं, पर्यावरण अभियांत्रिकी घेतलीस तेव्हापासून घरात सल्ल्यांना ऊत आलाय, कळलं मला. काका म्हणतात कॉम्प्युटरच बरा होता. आई म्हणते, शिक हवं ते, पण नोकरी मात्र ऑफिसातली बघ. खरं सांगू? मला काकांची नाही, आईसारख्यांचीच धास्ती वाटते. विरोध करणाऱ्याशी भांडता येतं. "तू कशाला त्या घाणीत उतरतेस, इथं बसून रिपोर्ट कर" असं मायेनं म्हणणाऱ्याशी कसं भांडायचं? माझ्या पहिल्या नोकरीत असेच एक साहेब होते. त्यांच्या मायेपायी मला नाल्याचे नकाशे तोंडपाठ झाले, नाला मात्र दिसला नाही.

तो दिसला मुंबईत रे रोडला, ब्रिटानिया पम्पिंग स्टेशनवर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुठे मुंबईच्या पावसाळी नाल्यांवरच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालावरची धूळ झटकली गेली. त्यातलं हे एक केंद्र. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकदम आले की समुद्र नाल्यात उलटा शिरतो. मग दरवाजे पाडायचे आणि पाणी पंपानं बाहेर फेकायचं, एकेक पंप सेकंदाला 6000 लिटर. एवढं तुझ्या पुस्तकातही सापडेल. पण पंपाआधीच्या जाळीत थर्माकोल, चपला, फाटकी गादी अडकली की पंपाचा आवाज बदलतो, हे मला तिथल्या ऑपरेटरमामांनी शिकवलं. मीटरकडे न बघता म्हणायचे, "मॅडम, जाळी भरली." असा माणूस भेटला की चहाला थांबायचं, घाई करायची नाही.

पम्पिंग स्टेशनजवळच दारूखाना, तिथंच कौला बंदर. वस्ती पोर्टाच्या जमिनीवर, त्यामुळे पालिकेचं पाणी हक्कानं मिळालं नाही. बायकांनी वर्षानुवर्षं होजपाइपवाल्यांकडून पाणी विकत घेऊन पिंपं भरली. 'पुकार' संस्थेनं वस्तीतल्याच तरुणांना हाताशी धरून याचा अभ्यास केलाय, तो जरूर वाच. माणशी रोज 135 लिटर पाणी हे तू परीक्षेत लिहिशीलच. पण एखाद्या बाईकडून पिंपाचा हिशेब ऐकलास ना, की तो आकडा पुन्हा तसा लिहवत नाही.

आणि आत्ताच सगळं ठरवून टाकू नकोस. अल्मित्रा पटेल बघ. देवळालीच्या बार्न्स शाळेतली मुलगी, 1959 ला एमआयटीतून बाहेर पडली, विषय सिरॅमिक्स! कचरा आयुष्यात आला तो कितीतरी उशिरा, बंगळुरूबाहेर घराजवळच्या रस्त्यावर पडू लागला तेव्हा. त्या कामात कॅप्टन वेलूंसारखा सोबती मिळाला, त्यांच्याबरोबर त्या शहरंच्या शहरं फिरल्या. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि त्या खटल्यातून 2000 सालचे घनकचऱ्याचे नियम आले. वेलू भेटले नसते तर? कुणी सांगावं.

आईशी मात्र वाद घालू नकोस. तिलाच एकदा साइटवर ने. आणि नोकरीच्या मुलाखतीत पगाराबरोबर दोन गोष्टी विचार: पावसाळ्यात साइटवर कोणाच्या हाताखाली पाठवणार, आणि तिथं बायकांसाठी संडास आहे का. दुसरा प्रश्न विचारताना लाजायचं नाही हं. साइट सोडलेल्या ज्या मुली मी पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच जणींनी ती संडासापायी सोडली, आणि बाहेर सांगितलं, घरचे नको म्हणाले.