ठोसा, लाथ आणि पवित्रा : युद्धकलेच्या हालचालींतून घरच्या घरी व्यायाम
(दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील मराठी कुटुंबांसाठी)

व्यायाम म्हणजे पहाटे उद्यानात फिरणे, हा समज आपल्या घरांत खोलवर रुजलेला आहे. सवय उत्तमच, परंतु राजधानीच्या हिवाळ्यात हीच पहाट दिवसातील सर्वाधिक दूषित वेळांपैकी एक असते. थंड हवा जमिनीलगत अडकून राहते आणि धूर, धूळ व सूक्ष्म कण तिच्यातच कोंडले जातात. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४९४ होता. ही मोजपट्टी ५०० वर संपते. जोराच्या व्यायामात आपण विश्रांतीच्या तुलनेत कित्येक पट अधिक हवा आत ओढतो, तीही बहुधा तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी टाळून. म्हणून खोलीतल्या चटईएवढ्या मोकळ्या जागेत करता येईल असा दमदार व्यायाम प्रत्येक घराला ठाऊक असावा. युद्धकलांवर आधारलेला व्यायाम ही गरज चांगली भागवतो.

तो आपल्याला परकाही नाही. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत लाठी व दांडपट्टा चालवण्याआधी पवित्रे घोटून घेतले जातात. पंजाबचा गटका, केरळचे कळरीपयट्टू आणि मणिपूरचे थांग-ता यांना २०२२ मध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत स्थान मिळाले. उत्तर दिल्लीतील गुरू हनुमान आखाड्याने नामवंत मल्ल घडवले. येथे मात्र आपल्याला कोणाशी लढायचे नाही. प्रतिस्पर्धी नसलेल्या, हवेतील हालचालींचाच हा व्यायाम आहे.

पीळदार शरीर म्हणजे काय?

स्नायू बळकट होणे आणि त्यांवरील चरबीचा थर कमी होणे, या दोन गोष्टी मिळून शरीर घोटीव दिसू लागते. पोटाला पीळ देणाऱ्या हालचाली केल्याने केवळ पोटाचीच चरबी जळत नाही. ती कोठून आधी उतरेल हे शरीर ठरवते. ‘पंधरा दिवसांत सपाट पोट’ असे आश्वासन देणाऱ्या वर्गावर किंवा चूर्णावर पैसे खर्च करू नयेत. आरशापेक्षा मोजपट्टी अधिक प्रामाणिक असते. भारतीय पुरुषांत कमरेचा घेर ९० सेंटिमीटरहून आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक असल्यास मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो, मग वजन बेताचे का असेना.

प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोराचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ठोसे व लाथांनी दम वाढतो, जोर-बैठकांनी बळ. दोन्ही एकाच वेळी साधतात, हा या पद्धतीचा मोठा गुण.

कसे करावे?

प्रथम पाच ते सात मिनिटे जागच्या जागी चालावे, खांदे, कंबर व घोटे फिरवावेत. मग पवित्रा घ्यावा : एक पाय पुढे, एक मागे, गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही मुठी हनुवटीशी. अंगठा मुठीच्या बाहेर ठेवावा आणि मनगट सरळ. ठोसा खांद्यातून नव्हे, तर मागच्या पायातून निघतो : टाच उचलून चवडा वळवावा, त्यामागून कंबर वळते आणि हात शेवटी जातो. पाय जमिनीला खिळवून कंबर वळवल्यास तो पीळ गुडघ्यावर येतो. गुडघेदुखीची अनेक गाऱ्हाणी येथूनच सुरू होतात. कोपर किंवा गुडघा झटक्याने पूर्ण ताठ करू नये. लाथ कमरेपर्यंतच पुरे. हातात वजने घेऊन ठोसे मारणे खांद्यांस अपायकारक ठरू शकते.

तीस सेकंद हालचाल, तीस सेकंद विश्रांती, अशा आठ-दहा फेऱ्या नवशिक्यास पुरतात. मध्ये दोन फेऱ्या बैठकांच्या आणि दोन जोरांच्या असाव्यात. जोर जमत नसल्यास भिंतीला हात टेकून करावेत. व्यायाम करताना तुटक वाक्य बोलता आले पाहिजे. एक शब्दही फुटत नसेल तर वेग कमी करावा. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून लाथा मारू नयेत. लाठी मात्र, पंख्याचे आणि शेजारी बसलेल्या आजीचे हित पाहता, गच्चीवरच फिरवावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे श्वास. प्रत्येक ठोशाबरोबर तो बाहेर सोडावा. दम कोंडून जोर लावल्यास रक्तदाब क्षणात चढतो.

आधी तपासणी कोणी करावी?

हृदयविकार, उच्च रक्तदाब, दमा, मधुमेह किंवा सांध्यांचा विकार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि अनेक वर्षांनंतर चाळिशीत व्यायाम सुरू करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जवळ साखर ठेवावी. पायांना बधिरता असल्यास अनवाणी व्यायाम करू नये.

हवा कशी आहे, हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर पाहावे. निर्देशांक २०० च्या वर गेल्यास मुले, ज्येष्ठ आणि दम्याचे रुग्ण यांनी, तर ३०० च्या वर सर्वांनीच बाहेरचा जोराचा व्यायाम थांबवावा. अशा दिवशी खिडक्या लावून घरातही संथ पवित्रेच करावेत, कारण बंद खिडकीही सूक्ष्म कण पूर्णपणे अडवत नाही. मास्क लावून लाथा-ठोसे मारणे हा त्यावरील उपाय नव्हे. मे-जूनच्या उष्म्यात व्यायाम सकाळी लवकर उरकावा.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घेरी किंवा अकारण घाम आल्यास तत्काळ थांबून खाली बसावे. ‘पित्त असेल’ म्हणून वाट पाहू नये. ११२ वर दूरध्वनी करावा.