विसरभोळेपणा आणि स्मृतिभ्रंश : वेळीच जपा



कोणत्या रानात कोणत्या साली को ७४० लावला होता हे तोंडपाठ सांगणारे आजोबा जेवून उठतात आणि घटकाभराने विचारतात, "आज जेवायला वाढायचं नाही का?" घरची मंडळी म्हणतात, "वय झालं, म्हातारचळ लागला. चालायचंच." इथेच आपण चुकतो. हा वयाचा दोष नसून मेंदूचा आजार असू शकतो. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात.

ऊसबिलाची तारीख विसरली आणि नंतर आठवली, तर तो साधा विसर. पण नेहमीचा हिशोब जुळेना, रोजच्या वाटेवर माणूस चुकू लागला, स्वभाव पालटला, तर डॉक्टरला दाखवावे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात साठीपुढील शंभरांत सुमारे सात जणांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना, हा आजार आहे.

मोशीकरांनी तर जास्तच जपावे. १९९७ साली गाव महापालिकेत गेले, रानांचे प्लॉट झाले. उभा जन्म नांगरामागे चाललेला माणूस आज ओट्यावर बसून राहतो. पायाची चाल थांबली, चारचौघांतले बोलणे थांबले, की मेंदूलाही गंज चढतो. त्यात जमिनीला सोन्याचा भाव. विसरणाऱ्या माणसाची सही किंवा अंगठा कोण कशावर घेईल याचा नेम नाही.

यावर उपाय काय? २०२४ साली 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ समितीने १४ कारणे सांगितली. ती सर्व दूर झाली तर शंभरातली सुमारे ४५ प्रकरणे टळू शकतात किंवा लांबणीवर पडू शकतात, असा तिचा अंदाज आहे. त्यातून आपल्या हातातल्या गोष्टी अशा :

१) रक्तदाब, साखर आणि रक्तातील चरबी तपासून ताब्यात ठेवा. चाळिशीपासूनच सुरुवात करा.

२) रोज चाला. इंद्रायणीकाठची आळंदीची वाट आपल्याला परकी नाही.

३) बिडी, सिगारेट सोडा. दारूपासून लांब राहा.

४) ऐकू कमी येते का, डोळ्यांत मोतीबिंदू आहे का, ते पाहा. यंत्र लावण्यात, चष्मा घालण्यात लाज कसली?

५) पुणे-नाशिक रस्त्यावर दुचाकी चालवताना हेल्मेट घाला. डोक्याचा मार पुढे भोवतो.

६) धूर टाळा. पाचट जाळू नका, सरीत कुजवा. रानालाही खत होईल.

७) एकटे बसू नका. भजनात बसा, नवा अभंग पाठ करा, नातवाला हिशोब शिकवा. मन सतत उदास असेल तर तेही डॉक्टरला सांगा.

फिनलंडमध्ये १२६० वयस्कर माणसांवर दोन वर्षे प्रयोग झाला. ज्यांना योग्य आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब वगैरेची देखरेख हे सगळे एकत्र दिले, ते बुद्धीच्या चाचण्यांत सरस ठरले. एकट्या गोळीवर भिस्त ठेवू नका, हाच त्याचा धडा. ब्राह्मी, हळद, बदाम यांनी स्मृतिभ्रंश टळतो असे सिद्ध झालेले नाही. जिन्को नावाच्या झाडपाल्याच्या अर्काची अमेरिकेत तीन हजारांवर वृद्धांवर चाचणी झाली. २००८ साली निकाल आला, उपयोग दिसला नाही. जाहिरात बघून पैसे घालवू नका. आहार साधाच हवा : भाकरी, डाळी-उसळी, पालेभाज्या, फळे, शेंगदाणे, मीठ, साखर, तळण बेताने.

एक गोष्ट मात्र ध्यानात धरा. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले किंवा थायरॉईड बिघडले तरी विसर पडतो, आणि तो औषधाने सुधारू शकतो. माळकरी शाकाहारी मंडळींनी ब-१२ जरूर तपासून घ्यावे.

आणखी एक. स्मरण शाबूत आहे तोवर शेअर्सचे नामनिर्देशन, सात-बारा, बँकेची कागदपत्रे घरच्यांसमोर नीट लावून ठेवा. वृद्धांसाठी १४५६७ हा मोफत दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवा.

खोडव्याची निगा वेळेवर केली तरच तो फुटतो. मेंदूचेही तसेच आहे. आजच घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ घटकाभर बसा आणि त्यांना जुन्या गोष्टी विचारा.