फाइंडर लावलास, आता ऐक

भर उन्हात कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर समोरच्या दृश्यापेक्षा आपलंच तोंड जास्त दिसतं. तेवढ्यासाठी तू कॅमेऱ्याच्या डोक्यावर लावायचा काचेचा फाइंडर घेतलास. कारण पुरेसं आहे. पण मामाकडून चार गोष्टी ऐकून घे. त्या डब्यातल्या माहितीपत्रकात नसतात, आणि असल्या तरी तुझ्या पिढीत ते पत्रक कोणी उघडत नाही.

पहिली गोष्ट, या फाइंडरला कॅमेऱ्याबद्दल काहीही ठाऊक नसतं. त्यात सेल नाही, वायर नाही. फ्लॅश लावायच्या खाचेत, म्हणजे हॉट शूमध्ये, तो नुसता अडकून बसतो. फोकस कुठे गेला, शटर किती मंद झालं, चुकून व्हिडिओचं बटण दाबलं गेलं का, यातलं काही तो सांगणार नाही. तो फक्त चौकट दाखवतो, तीही अंदाजाने. म्हणून ठरवायचं ते सगळं कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी ठरवायचं. स्क्रीनवर बघून मग विचार करायची सवय इथे चालत नाही. हे एक जमलं की बाकीचं सोपं आहे.

आता तुझा रिको जीआर थ्री. त्याची लेन्स १८.३ मिलिमीटरची, म्हणजे जुन्या पस्तीस एमएमच्या हिशेबात २८. त्यामुळे फाइंडरही २८ चाच हवा. तुझ्या मैत्रिणीकडे जीआर थ्री एक्स आहे ना, त्याची लेन्स ४० च्या हिशेबाची. तिने तुझा फाइंडर लावला तर फाइंडरमध्ये दिसणारं पुष्कळसं फोटोत येणारच नाही. तुझ्या कॅमेऱ्यात क्रॉप करून ३५ आणि ५० ची चौकट घेता येते. ते बटण दाबलंस तर फाइंडरला त्याचा पत्ता लागत नाही, तो २८ च दाखवत राहतो. झूमवाल्या कॅमेऱ्यांचं तेच. पॅनासोनिकने एलएक्स ३ साठी असा फाइंडर काढला होता, पण तो झूमच्या एकाच टोकाचा, २४ चा. झूमवाल्याने एक आकडा धरायचा आणि तिथून हलायचं नाही.

फाइंडर घेऊन थेट रस्त्यावर जाऊ नकोस. आधी घरातली भिंत. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेव, नसेल तर टेबलावर पुस्तकांची चळत रच. भिंत दोन मीटरवर असू दे, मोजपट्टीने मोज. एक डोळा फाइंडरला लावून भावाला सांग, चौकटीच्या चारही कोपऱ्यांत कागदी चिकटपट्टीचे तुकडे लाव. मग फोटो काढ आणि संगणकावर मोठा करून बघ. बहुधा तुकडे फोटोच्या काठापासून बरेच आत आलेले दिसतील, कारण बनवणारे ती चौकट मुद्दाम थोडी आखडून आखतात. किती आत, हे प्रत्येक जोडीचं वेगळं असतं. मग तेच एक मीटरवर करून बघ. फाइंडर शूमध्ये किंचित तिरका बसला असेल तर तेही याच वेळी उघडं पडतं. दोन्ही फोटो मोबाइलमध्ये ठेवून दे. पुढे महिनाभर कुठे शंका आली की तेच उघडायचे.

यात एक बारकावा आहे. चांगल्या फाइंडरमध्ये चौकटीची उजळ रेघ दिसते. डच माणूस व्हॅन अल्बाडाची ही युक्ती. डोळ्याच्या बाजूला आखलेली रेघ पुढच्या काचेवरून परावर्तित होऊन समोरच्या दृश्यावर तरंगल्यासारखी दिसते. डोळा जरा इकडे-तिकडे झाला तरी ती दृश्यावरून फारशी सरकत नाही. स्वस्त फाइंडरमध्ये रेघ नसते, दिसण्याची कड हीच चौकट, आणि डोळा हलला की ती कडही हलते. तसल्या फाइंडरवर भिंतीची चाचणी पुन्हा केलीस तर दर वेळी वेगळं उत्तर येईल.

आता डोकी कापण्याचा प्रश्न. आपल्या घरातल्या जुन्या अल्बमात कपाळापासून वर काहीच नसलेले काका-मावश्या आहेत, ते बडोद्यात एकेकाळी तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीचे फोटो. बघायची खिडकी वर, लेन्स खाली. तुझ्या कॅमेऱ्यातही तेच आहे, उलट फाइंडर डोक्यावर बसल्यामुळे अंतर थोडं वाढलंच. लेन्सचा मध्य आणि फाइंडरचा मध्य यांत साधारण पाच सेंटीमीटर धर. हे पाच सेंटीमीटर समोरच्या दृश्यातही पाचच राहतात, पण दृश्य किती उंच आहे त्यावर त्यांचं वजन ठरतं. २८ च्या लेन्सला तीन मीटरवर अडीच मीटरहून जास्त उंची दिसते, त्यात पाच सेंटीमीटर कुणाच्या लक्षातही येत नाहीत. एक मीटरवर उंची ८६ सेंटीमीटर, म्हणजे सहा टक्क्यांची चूक. आणि तीस सेंटीमीटरवर चौकट जेमतेम सव्वीस सेंटीमीटरची, तिथे जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. काही फाइंडरांत वरच्या रेघेखाली आणखी एक छोटी रेघ किंवा ठिपके असतात. जवळच्या माणसाचं डोकं त्याच्या खाली ठेवायचं.

उभा फोटो काढताना लोक गोंधळतात. त्यासाठी एकच लक्षात ठेव: ज्या बाजूला फाइंडर, ती कड कापली जाते. कॅमेरा आडवा असेल तर वरची. शटरचा हात वर करून कॅमेरा उभा धरलास तर फाइंडर तुझ्या डावीकडे जातो, म्हणून डावी कड. त्या बाजूला जागा सोड, मागाहून कापता येते. ताटातलं जेवण, फूल, कागदपत्र, एका हाताच्या आतलं काहीही असो, फाइंडर विसर आणि स्क्रीन लाव. त्यात कमीपणा नाही.

फोकससाठी तुझ्या कॅमेऱ्यात स्नॅप फोकस आहे, तो या फाइंडरसाठीच केला असावा असं मला नेहमी वाटतं. अंतर अडीच मीटरवर ठेव, अ‍ॅपर्चर एफ/८. एवढ्यावर साधारण सव्वा मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. बटण अर्धं दाबून थांबायचं नाही, एका दमात खाली. संध्याकाळी एफ/२.८ वर मात्र हे चालत नाही, तेव्हा अंतर खरोखर मोजता आलं पाहिजे. चालता-चालता खांबाकडे, रिक्षाकडे, दारातल्या माणसाकडे बघून अंतर मनात म्हणायचं आणि मग पावलांनी पडताळायचं. कॅमेरा हातात नसतानाही ही तालीम होते. दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्यावर फाइंडर लावलास तर ऑटोफोकसचा बिंदू मधोमध बांधून टाक आणि 'बीप' चालू ठेव. एरवी तो आवाज मला सहन होत नाही, पण इथे दुसरा साक्षीदार नाही.

प्रकाशाचंही आधीच. वारीत जाणार म्हणतेस. पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या आणि सावळे चेहरे, वर ढगाळ उजळ आकाश. एवढं पांढरं दिसलं की कॅमेरा सगळंच काळवंडून टाकतो. दोन-तृतीयांश स्टॉप वाढवून एक फोटो काढ, एकदाच स्क्रीनवर बघ, आणि प्रकाश बदलेपर्यंत परत बघू नकोस. फोटो काढल्यावर आपोआप दिसणारी प्रतिमा सेटिंगमध्ये जाऊन बंद कर, स्क्रीनही बंद कर. जीआर थ्रीची बॅटरी कंपनीच्याच मोजणीप्रमाणे सुमारे २०० फोटोंची, तिची तेवढी बचत. शिवाय कॅमेरा कपाळाला टेकला की हात कमी हलतो. फोटोची चौकट ३:२ च ठेव. १:१ केलीस तर फाइंडरच्या दोन्ही बाजू खोट्या ठरतात.

आणि एक. कॅमेरा डोळ्याला लावला की समोरच्याला स्पष्ट कळतं की आपला फोटो निघतोय. कोणी हात आडवा केला तर खाली घे, हसून पुढे जा. चोरून काढण्यासाठी हा फाइंडर नाही.

पावसाळ्यात जपायचं ते बुरशीपासून. फाइंडर बाहेरून भिजला तर मऊ फडक्याने पूस आणि शूचे धातूचे टिकले कोरडे कर. रात्री चामड्याच्या पाकिटात कोंबून ठेवू नकोस, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेव. चष्मा लावून बघणार असशील तर डोळ्याकडच्या कड्याला पातळ रबर चिकटव, नाहीतर महिन्याभरात चष्म्याच्या काचेवर गोल चरा पडेल.

तुझ्या मैत्रिणीला जुना फाइंडर घ्यायचा असेल तर दुकानात तो खिडकीकडे धरून बघायला सांग. आत धुळीचा एखादा कण चालतो, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नाही. उजळ रेघ चारही बाजूंना पूर्ण दिसली पाहिजे. आणि पाय शूमध्ये घट्ट बसला पाहिजे. किंचित सैल असेल तर पायाला पातळ टेपचा एक थर पुरतो. हलवल्यावर खडखडत असेल तर तो गर्दीत कधी गळून पडला हे कळणारही नाही. तसला फाइंडर कितीही नावाजलेल्या कंपनीचा असो, दुकानातच ठेवून यावा.