हातचा डाव का गेला?

नाशिकच्या विदित गुजराथी यांनी २०१३ साली बुद्धिबळातील ग्रँडमास्टर हा किताब मिळवला आणि २०२३ साली ग्रँड स्विस ही मोठी स्पर्धा जिंकली. त्याच नाशकात एका संध्याकाळी दोन शाळकरी मित्र पट मांडून बसले होते. एकेक मोहरा पडत गेला आणि शेवटी पटावर दोन राजे व दोन प्यादी एवढीच उरली.

पांढऱ्याच्या बाजूने पाहिले असता डावीकडून पाचव्या उभ्या ओळीत, चौथ्या घरात पांढरे प्यादे होते. त्याच्या पुढच्याच घरात काळे प्यादे होते. दोघांनी एकमेकांची वाट अडवली होती. पांढरा राजा सातव्या ओळीच्या पाचव्या घरात, तर काळा राजा तिसऱ्या ओळीच्या चौथ्या घरात उभा होता. पाळी पांढऱ्याची होती.

"आता हे प्यादे माझेच!" असे म्हणत पांढऱ्याच्या खेळाडूने राजा एक घर डावीकडे सरकवून काळ्या प्याद्याला भिडवला. काळा राजाही एक घर उजवीकडे येऊन पांढऱ्या प्याद्याला भिडला. आता दोन्ही राजे दोन्ही प्याद्यांना लागून उभे होते आणि पाळी पुन्हा पांढऱ्याची होती. राजा कोठेही हलवला, तरी प्याद्याचे रक्षण सुटणार होते. पांढरे प्यादे पडले. काळे प्यादे आपल्या राजाच्या आधाराने शेवटच्या घरात पोचले व त्याचा वजीर झाला.

"गुरुजी, माझे नशीबच फिरले," तो मुलगा खिन्नपणे म्हणाला.

"अरे, नशीब नव्हे, पाळी फिरली," शेजारी बसलेले गुरुजी म्हणाले. "पट पुन्हा मांड. या वेळी राजा एकदम भिडवू नकोस. तिरपा पुढच्या घरात ने."

मुलाने तसे केले. त्या घरातूनही काळ्या प्याद्यावर मारा होता. ते वाचवण्यासाठी काळ्या राजाला पूर्वीच्याच जागी यावे लागले. मग पांढरा राजा एक घर मागे आला. मघाचीच मांडणी पुन्हा झाली. परंतु आता पाळी काळ्याची होती! बुद्धिबळात पाळी आली की खेळी करावीच लागते, स्वस्थ बसता येत नाही. काळ्या राजाला हलावे लागले आणि प्यादे पांढऱ्याच्या हाती आले.

मुलाचा चेहरा उजळला. "म्हणजे मी उशिरा नव्हे, घाईने हरलो!"

थोरांचेही असे होते. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे जगज्जेतेपदाचा चौदावा आणि अखेरचा डाव बरोबरीत सुटणार, असे वाटत होते. तोच डिंग लिरेन यांनी हत्ती चुकीच्या घरात नेला. गुकेश यांनी आधी हत्तींची, मग उंटांची अदलाबदल साधली. राजे आणि प्यादी उरली. गुकेश यांच्याकडे एक प्यादे अधिक होते. तेवढ्यावर ते अठराव्या वर्षी जगज्जेते झाले.

हरलेला डाव नशिबाच्या माथी मारला, तर तो काहीच शिकवत नाही. तोच पुन्हा मांडून पाहिला, तर चुकलेले पाऊल आपोआप दिसते.

स्वाध्याय
१. मांडणी तीच असूनही दुसऱ्या वेळी पांढरा का जिंकला?
२. "मी उशिरा नव्हे, घाईने हरलो," या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. पट मांडून दोन्ही खेळ्या करून पाहा.